आईच्या पायाचे माप

दुपारी अडीचच्या सुमारास खुर्सीपारच्या त्या घरापुढे कुरिअरवाल्याची मोटारसायकल थांबली, तेव्हा आई अंगणात मुगवड्या वाळत घालत होती. २०२३ चा नोव्हेंबर महिना. घर लग्नाचे होते. मुलाचे लग्न दोन महिन्यांवर आले होते आणि रोज कोणी ना कोणी काही ना काही घेऊन दारात येतच होते. कुणी पत्रिकांचे नमुने, कुणी भांडी, कुणी नुसताच सल्ला. त्यामुळे खोके पाहून आईला नवल वाटले नाही. नवल वाटले ते पुढच्या वाक्याचे.

"माताजी, कस्टम का पैसा भरना पड़ेगा. बारह हज़ार दो सौ तैंतालीस."

खोक्यावर लेकीचे नाव होते, पत्ता घरचा होता. लेक रायपूरला नोकरीला. फोन लावला तर उचलेना. कामाच्या वेळेत तिचा फोन कपाटात असतो. खोके परत गेले तर? लग्नाचेच काहीतरी महत्त्वाचे असेल तर? वडील मंडपवाल्याकडे गेलेले. आईने कपाट उघडले, त्याच मंडपवाल्यासाठी पाकिटात मोजून ठेवलेले पैसे काढले आणि कुरिअरवाल्याच्या हातावर ठेवले. पावती मात्र मागून घेतली. छत्तीस वर्षे भिलाई पोलाद कारखान्यात काढलेल्या माणसाचा संसार केलेली बाई. कागदाशिवाय पैसा हलवायचा नाही, हे तिच्या अंगवळणी पडलेले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "काय मागवलं गं एवढं?" आईने विचारले. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग लेक म्हणाली, "आई, तू ते उघडू नकोस. मी शनिवारी येते."

त्या खोक्यात आईसाठी चपला होत्या.

त्याचे असे झाले. भिलाईच्या वस्त्यांमध्ये निम्मा हिंदुस्थान राहतो असे म्हणतात ते खोटे नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि मग आंध्र, ओडिशा, बिहार, बंगाल, केरळ आणि अर्थातच जवळच्या विदर्भातून माणसे येत राहिली. या घरचे वडील त्याच ओढीने आले. आई गोंदियाकडची, १९८९ साली लग्न होऊन इथे आली. वडिलांना कारखान्याकडून बूट मिळत. लोखंडी टोपीचे, जड, नंबर विचारून दिलेले. घरात एकट्या त्यांच्याच पायाला नंबर होता, असे म्हटले तरी चालेल. मुलांना शाळेचे काळे बूट 'वाढत्या अंगाचे' म्हणून एक नंबर मोठे घेतले जात. आणि आई? आईला रबरी स्लिपर. पॉवर हाउसच्या बाजारातून घेतलेली, पट्टा तुटला की पट्टा बदलून पुन्हा वापरायची. लग्नकार्यासाठी एक काळा जोड होता, तो माळ्यावरच्या पिशवीत. बाहेर काढला की अर्ध्या तासात आई तो हळूच पायातून सोडायची आणि पाय साडीच्या आत ओढून बसायची.

लेकीच्या हे लक्षात राहिले होते. घरातल्या जुन्या अल्बममध्ये एक फोटो आहे. कुणाच्या तरी बारशातला. सगळ्या बायका सतरंजीवर बसलेल्या आणि आईचे पाय कुठेच दिसत नाहीत. लेकीने तो फोटो मोठेपणी पाहिला आणि मनाशी ठरवले की दादाच्या लग्नात आईच्या पायात अशी चप्पल असली पाहिजे की तिने पाय लपवता कामा नये. पगारात पहिल्यांदाच बोनस मिळाला होता. मैत्रिणीने फोनवर एक परदेशी दुकान दाखवले. इटलीतल्या नामवंत नावाचा जोड, मऊ चामडे, बुटकी टाच, सवलतीत पावणेदोनशे युरो. म्हणजे सोळा हजारांच्या आसपास. पाठवणावळ दोन हजार. लेकीने डोळे मिटून बटण दाबले.

तेही तितके सरळ नव्हते. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवे कार्ड परदेशी व्यवहारासाठी आपोआप चालत नाही, ते धारकाने सुरू करून घ्यावे लागते. तिने ते केले. परकीय चलनाचा व्यवहार म्हणून बँकेने आपला अधिभार लावला, तो महिनाअखेरीला कळला. आणि तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: आयात शुल्क किमतीत धरलेले नाही. ती ओळ तिने वाचली होती. 'असेल हजार-दोन हजार,' असे म्हणून सोडून दिली.

शनिवारी लेक आली तेव्हा वडिलांनी कुरिअरची पावती आणि त्याला जोडलेला कस्टमचा कागद जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवला होता. रागावले नव्हते, हिशेब लावत होते. गंमत म्हणजे हिशेब लागला. तेव्हाच्या दराने पादत्राणांवर ३५ टक्के मूळ सीमाशुल्क होते. २०२० च्या अर्थसंकल्पात ते २५ वरून ३५ वर नेले गेले होते. हे शुल्क नुसत्या चपलेवर लागत नाही, पाठवणावळ धरून होणाऱ्या रकमेवर लागते. म्हणजे १८,००० वर ६,३००. त्या शुल्काच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ६३०. झाले २४,९३०. आता या एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे करावरही कर: ४,४८७. सगळे मिळून ११,४१७ रुपये. शंभर रुपयांमागे साडेत्रेसष्ट रुपयांच्या जरासे आत. वर कुरिअर कंपनीने आपल्यासाठी पैसे आगाऊ भरले म्हणून तिची फी सातशे आणि त्या फीवर पुन्हा जीएसटी. सोळा हजारांचा जोड तीस हजारांवर गेला होता.

"म्हणजे मंडपाच्या एका खांबाचे पैसे आईच्या पायात," वडील म्हणाले. "आणि मांडवात तर चपला बाहेरच काढायच्या असतात, पोरी!"

सगळे हसले. लेक हसली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शुल्क भरा म्हणून लेकीला आधी संदेश आला होता, सोबत पैसे भरायचा दुवाही होता. तिने तो फसवणुकीचा समजून पुसून टाकला. आता यात तिचा दोष म्हणावा का? 'तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, अमुक पैसे पाठवा' अशा बनावट संदेशांनी कितीतरी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. खरे आणि खोटे ओळखायची साधी रीत अशी की आलेल्या दुव्याला हात लावायचा नाही. आपल्याजवळचा पार्सलचा क्रमांक कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या पानावर आपण टाकून पाहायचा. सीमाशुल्क खात्याचा अधिकारी कुणाच्या खासगी खात्यात पैसे भरायला फोन करून सांगत नाही, आणि खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक ओळखक्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. परदेशी पार्सलसाठी कुरिअर कंपनी आधारसारखे ओळखपत्र मागते, ती मागणी मात्र खरी असते. पण तेही कंपनीच्या पानावरच द्यावे, कुणाच्या फोनवर नव्हे.

शेवटी खोके उघडले. आत कापडी पिशवी, पिशवीत जोड. मोरपंखी रंगाचे चामडे, बोटावर घेतले तर फुलासारखे हलके. आईने हात पदराला पुसले आणि मग जोड हातात घेतला. "इतक्या चांगल्या कायले गं?" एवढेच म्हणाली. पायात घातली. लांबीला अगदी बेताची, टाच टाचेवर, बोटे टोकाच्या आत. पण चवड्यापाशी पट्टा थांबला. आईने पाय थोडा तिरपा केला, रेटला, आणि पट्टा कसाबसा चढला. "बसली," ती म्हणाली. लेकीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले असते तर तिला तेव्हाच कळले असते. पण ती पायाकडेच बघत होती.

नंबराची ही भानगड मुळातून समजून घेण्यासारखी आहे. लेकीने माळ्यावरचा काळा जोड काढून तळाशी पाहिले, ५ आकडा होता. दुकानाच्या तक्त्यात ५ समोर ३८ लिहिले होते. तिने ३८ मागवला. चूक कुठेच नव्हती. आपल्याकडे दुकानात जो नंबर चालतो तो बहुधा इंग्रजी पद्धतीचा. इंग्रजांनी हा हिशेब जवाच्या दाण्यावर बसवला. तीन दाणे म्हणजे एक इंच, म्हणून एका नंबराचा फरक इंचाचा तिसरा हिस्सा. युरोपात निराळेच, तिथे एका नंबराला सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. शिवाय हे दोन्ही आकडे पायाचे नसतात, ज्या साच्यावर जोड बेततात त्या साच्याच्या लांबीचे असतात. इंग्रजी ५ चा साचा १० इंचांचा, म्हणजे २५.४ सेंटिमीटर. युरोपी ३८ चा २५.३. जवळजवळ काटेकोर जुळले की नाही? त्यात आणखी एक पीळ आहे. भारी नावांच्या दुकानांत इटलीचा ३८ हा फ्रान्सचा ३९ धरतात, अमेरिकेत बायकांचा तोच नंबर इंग्रजीपेक्षा दोन-अडीचने पुढे. तेव्हा नुसता आकडा पाहून चालत नाही, आकड्यामागे कोणता देश आहे तेही पाहावे लागते.

पण हे सगळे आकडे लांबीचे. रुंदीचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. आणि आईचा पाय रुंद होता. तीस-पस्तीस वर्षे रबरी स्लिपरमध्ये मोकळा वाढलेला, उभ्याने स्वयंपाक केलेला, नळावरून पाणी आणलेला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड थोडे बाहेर आलेले, डाव्याच्या मुळाशी बरेच. हा एकट्या तिचा दोष नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली, तेव्हा भारतीयांचे पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात असेच दिसले. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवण्यात आली आहे. 'भा' म्हणजे भारताचा. तोवर आपण उसन्या आकड्यांत आपले पाय कोंबतो आहोत आणि चप्पल चावली की दोष पायाला देतो.

जोड परत का केला नाही, असे कुणी विचारील. लेकीने दुकानाला लिहिले होते. उत्तर आले, सौजन्यपूर्ण आले: परतीची पाठवणावळ ग्राहकाने सोसावी, जोडाची किंमत परत मिळेल, आयात शुल्काशी दुकानाचा संबंध नाही. आता शुल्क परत मिळवायची वाट कायद्यात आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या ७४ व्या कलमात, आयात केलेला माल जसाच्या तसा परत बाहेर पाठवला तर भरलेल्या शुल्काचा बराच मोठा भाग मागता येतो. पण त्यासाठी परतीचे कागद तसे करावे लागतात, हाच तो माल हे अधिकाऱ्याला पटवावे लागते. व्यापारी हे करतो, त्याच्याकडे माणूस असतो. रायपूरला नोकरी करणारी मुलगी एका जोडासाठी ते कुठे करत बसणार? शिवाय त्याआधीच आईने निकाल देऊन टाकला होता: "बसली म्हटलं ना. ठेव."

लग्न झाले. लग्नाच्या दिवशी आईने मोरपंखी जोड घातला. कार्यालयाच्या फाटकापासून मांडवापर्यंत चालली, फोटो काढून घेतले; पाय दिसतील असे. मांडवात जोड काढला. करवल्यांनी नवरदेवाचे बूट पळवले, दोन्ही पक्षांत रुसवेफुगवे झाले, घासाघीस होऊन बूट सुटले. रात्री अकराला पाहुणे निघाले तेव्हा सगळ्यांना निरोप द्यायला आई फाटकापर्यंत पुन्हा तोच जोड घालून गेली. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाच्या पूजेला पाय धुताना धाकट्या जावेने पाहिले: दोन्ही पायांना चवड्यापाशी फोड, डाव्या पायाचा फुटलेला. "अगं बाई, हे काय करून घेतलंस!" जाऊ ओरडली आणि लेक धावत आली.

त्या दिवशी मायलेकींत जे बोलणे झाले ते घरात कुणी ऐकले नाही. एवढेच कळते की लेक रडली, आई रडली नाही, आणि जोड पिशवीत घालून कपाटावर गेला. नव्या सुनेला बसेल का, असे कुणीतरी सुचवले. बसला असता, तिचा पाय निमुळता आहे. पण तिलाच ते पटेना. "ती आईंची आहे," ती म्हणाली. तेव्हापासून दिवाळीची झाडलोट झाली की जोड खाली येतो, मऊ फडक्याने पुसला जातो आणि पुन्हा वर जातो. तीस हजारांची वस्तू. फेकवत नाही, वापरवत नाही.

मग २०२५ चा जून महिना उजाडला. मिलान शहरात प्रादा या इटालियन कंपनीने पुढच्या वर्षाच्या उन्हाळी कपड्यांचा दिमाखदार देखावा केला आणि त्यात पुरुषांच्या पायांत चक्क कोल्हापुरी चपला दिसल्या. कोल्हापूरचे नाव मात्र कुठेच नाही, 'चामडी सँडल' एवढेच. महाराष्ट्रात गदारोळ उठला. मुंबईच्या महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले, कंपनीने प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले, उच्च न्यायालयात याचिका गेली आणि ती जुलैत फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये कंपनीने महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळाशी करार केला. दोन्ही राज्यांतल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे आणि सुमारे आठशे युरोंना एक विकायचा, असे जाहीर झाले.

डिसेंबर पुढचा. जूनमध्ये खुर्सीपारच्या घरात टीव्हीवर ती चित्रे दिसली तेव्हा आई भाजी निवडत होती. मान वर करून म्हणाली, "अशी चप्पल माझ्या बाबांची होती. दारात आले की आधी चप्पल वाजायची, मग ते." लेक त्या दिवशी घरी होती. ती काही बोलली नाही. पण रात्री फोन घेऊन बसली.

फोनवर कोल्हापुरी शेकड्यांनी सापडल्या. पाचशे रुपयांना, चारशेला, दोन जोड सातशेला. 'कोल्हापुरी' असे ठळक लिहिलेले, खाली साहित्य या सदरात बारीक अक्षरात 'सिंथेटिक'. या वेळी मात्र ती बारीक अक्षरे वाचत होती. खरे तर कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या आठ जिल्ह्यांत पारंपरिक रीतीने केलेल्या चपलेलाच ते नाव लावता येते. अथणी-निपाणीकडचा कारागीर आणि कोल्हापूरच्या सुभाषनगरातला कारागीर एकाच नावाचे हक्कदार आहेत. आणि ही चप्पल म्हणजे कमावलेले चामडे; बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवलेले, हाताने कापलेले, चामड्याच्याच वादीने शिवलेले. कापशी, पायताण, बक्कलनाळी, पुकारी असे तिचे प्रकार. यंत्रावर चिकटवलेल्या रेक्झिनला कोल्हापुरी म्हणणे म्हणजे डालड्याला लोणकढे म्हणण्यासारखे आहे.

मागवणाऱ्याने काय पाहावे, हे लेक आता मैत्रिणींना सांगते, तेही दोन-चार वाक्यांत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचे खरे नाव-पत्ता, माल कोणत्या देशातला आणि परतीची अट हे पानावर असायलाच हवे. नसेल तर पान बंद करावे. तक्रार नोंदवली की ४८ तासांत पोच आणि महिनाभरात उत्तर, हाही नियमच आहे. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, आणि त्यानेही भागले नाही तर ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे भिलाईच्या माणसाला विक्रेत्याच्या गावी खेटे घालायला नकोत, दुर्गला जाता येते. पण हे सगळे देशातल्या विक्रेत्यापुरते. समुद्रापलीकडच्या दुकानापुढे हे हात फार लांब पोचत नाहीत. आणि नामवंत नावाची वस्तू फारच स्वस्त दिसली तर ती 'फर्स्ट कॉपी' समजावी. अशी नक्कल आयात करताना सीमाशुल्क खाते ती अडकवून ठेवू शकते. मग पैसेही गेले आणि वस्तूही.

तरीही तिने फोनवरून कोल्हापुरी मागवली नाहीच. दिवाळीला गोंदियाहून मामा आले, बरोबर मामेभाऊ. तो कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकतो. कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस त्याला अख्खा महाराष्ट्र ओलांडून थेट गोंदियाला आणून सोडते, आणि तिथून दुर्ग-भिलाई काही तासांवर. चिवडा खाता खाता तो म्हणाला, "माप द्या ना आत्या. चप्पल लाईनीत जातो, सुभाषनगरात ओळखीचा एक कारागीर आहे. तो सांगेल तसं करून देईल."

"माप म्हणजे नंबर?" आईने विचारले.

"नंबर नको. पाय काढून द्या कागदावर."

मग संध्याकाळी तो कार्यक्रम झाला. संध्याकाळी मुद्दाम, दिवसभर उभे राहून पाय जरा फुगतात, सकाळचे माप रात्री चावते. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचे पान उलटे करून फरशीवर ठेवले. आईला त्यावर बसवले नाही, उभे केले, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. बसलेल्या माणसाचा पाय कागदावर लहान उमटतो. लेकीने पेन्सिल सरळ उभी धरली आणि टाचेपासून सुरुवात केली. टाचेच्या भेगा पेन्सिलीला लागत होत्या. "गुदगुल्या होतात गं," आई म्हणाली. अंगठ्यापाशी आल्यावर पेन्सिल थांबली, वळली, बाहेर आलेल्या हाडावरून हळूच फिरली. मग दुसरा पाय. मग शिवणकामाची फीत चवड्याभोवती आणि पायाच्या उंचवट्यावरून गुंडाळून तेही आकडे बाजूला लिहिले.

पट्टीने मोजले तेव्हा कळले, डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटरने लांब आहे. लांबी २४ सेंटिमीटरच्या आतच होती. ३८ चा आकडा खरोखरच चुकीचा नव्हता. पण चवड्याची रुंदी! वडिलांनी माळ्यावरून मोरपंखी जोड काढून आणला आणि कागदावर ठेवला. पेन्सिलीची रेघ जोडाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर आली. कुणी काही म्हणाले नाही. वडील एवढेच म्हणाले, "छत्तीस वर्षं झाली लग्नाला. कारखान्यात माझा पाय दर वर्षी मोजला, तुझा आज मोजला."

"आज तरी मोजला ना," आई म्हणाली आणि कागदावरून उतरली.

मामेभावाने कागद गुंडाळून नेला. किंमत त्याने आधीच विचारून ठेवली होती: साधी हवी तर दीड हजाराच्या आसपास, वेणीची बारीक कामाची हवी तर वाढत जाईल. तशीही २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी पाचच टक्के झाला आहे. आणि कोल्हापूर-खुर्सीपार वाटेवर कस्टमचे नाके नाही. मात्र लगेच मिळणार नव्हती. हातचे काम, शिवाय कोल्हापुरात दिवाळीनंतर लग्नसराईची गर्दी.

पंधरा दिवसांनी मामेभावाचा फोन आला. लेक रायपूरला होती, आईनेच उचलला. तो कारागिराच्या दारातच उभा होता, मागे ठोकण्याचा आवाज येत होता. म्हणाला, "आत्या, काका विचारतायत, डाव्या पायाच्या अंगठ्याचं हाड दुखतं का? कागदावरून वाटतंय म्हणे. दुखत असेल तर तिथला पट्टा ते आणखी मऊ चामड्याचा घालतील, आणि अंगठा जरा सैल ठेवतील."

आईने क्षणभर उत्तर दिले नाही. मग म्हणाली, "त्यांना सांग, पावसाळ्यात दुखते. एरवी नाही. आणि डाव्या पायाची घे म्हणावं आधी."